नाही म्हणत असाल तर लेखी द्या

गेली बरीच वर्षं मी एचआयव्हीची गोळी घेते. तब्येत चांगली आहे, कामाला जाते, भावाच्या शेतात तंबाखूच्या दिवसांत हात लावते. मागच्या पावसाळ्यात उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. दुर्बिणीचं ऑपरेशन, दोन-तीन दिवसांत घरी, असं हे काम. आमच्या गावात चार-पाच जणांचं झालंय. ते माझं व्हायला काय काय करावं लागलं, ते लिहिते आहे. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर या पट्ट्यात माझ्यासारखे पुष्कळ आहेत आणि त्यातले बरेच जण पहिल्या नकारालाच घरी परत जातात.

नाव लिहीत नाही. एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ साली झालेल्या कायद्यात कोर्टातसुद्धा नाव झाकून दाद मागायची सोय आहे, तेव्हा इथेही तेवढी सवलत घेते. आणि हा आजार मला कुणाकडून आला तेही लिहिणार नाही. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच असतो. ‘नवऱ्याकडून’ म्हटलं की समोरच्याचा आवाज मऊ होतो, ‘बिचारी’ म्हणतात. गोळ्यांच्या रांगेत माझ्या शेजारी सौंदत्तीकडची, लहानपणी यल्लम्माला सोडलेली बाई बसते. तिला असं काही सांगायची सोय नाही. तिला तीच गोळी लागते, तिच्याही पोटात खडे होऊ शकतात. माझ्यावर दया आणि तिच्यावर राग, असा हिशेब ज्या दवाखान्यात चालतो तिथे उद्या माझ्यावरही राग निघणारच. म्हणून मी ते उत्तर देणंच बंद केलंय.

गोळ्या मी बेळगावच्या जिल्हा रुग्णालयातल्या एआरटी केंद्रातून घेते. एआरटी म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारे हे रोजचे औषधोपचार. २००४ च्या एप्रिलपासून सरकारने या गोळ्या फुकट द्यायला सुरुवात केली, तेव्हाच्या पहिल्या राज्यांत कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही होते. आमचा जिल्हा त्या काळात ‘अ’ वर्गातला, म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणीत शंभरात एकीपेक्षा जास्त लागण सापडायची तसला. पूर्वीची गोळी घेतली की डोकं गरगरायचं, रात्री भलती स्वप्नं पडायची. आता टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तिन्ही औषधं एकाच गोळीत येतात, तसला त्रास नाही. २०२३ पासून आम्हा बायकांना सरकारी साध्या बसला पैसे पडत नाहीत, आधार दाखवलं की कंडक्टर शून्याचं तिकीट देतो. रोजगार बुडवून वर बसभाडं, या जाचाने गोळ्या चुकवणाऱ्या बाया मी पाहिल्यात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

ऑपरेशनसाठी आम्ही जवळच्या शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलात गेलो. सर्जनना मी केबिनमध्ये, दार लावून, स्वतः सांगितलं की मी एआरटीवर आहे. भूल द्यायची तर कोणती औषधं चालू आहेत ते त्यांना कळलेलं बरं, असा माझा विचार. त्यांनी गोळीचं नाव लिहून घेतलं, काही अडचण नाही म्हणाले, तारीख दिली. त्या दिवशी सकाळपासून उपाशी, हातात सलाइनची सुई, आणि रक्ताचा रिपोर्ट खालून वर आला. तासभर कुणी फिरकलं नाही. मग एक कर्मचारी आला आणि माझ्याशी न बोलता बाहेर बसलेल्या वैनीला म्हणाला, “तुम्हाला म्हाईत नाही? पेशंटला एड्स हाय. हितं हुत नाही, मिरजेला न्या.” व्हरांड्यात दहा-बारा माणसं होती.

वैनीला माहीत नव्हतं. दादाला होतं, तिला नव्हतं.

मिरजेला जा, बेळगावला जा, कोल्हापूरला जा. आमच्याकडे सीमेवर राहण्याचा हा एक तोटा आहे. दोन्ही बाजूंना मोठे दवाखाने आहेत, त्यामुळे नकार देणाऱ्याला रस्ता दाखवणं सोपं पडतं. तोंडाने कुणी ‘नाही’ म्हणत नाही, ‘तिकडं चांगलं होतं’ म्हणतात. दुसरं कारण सांगितलं ते किटचं: “आमच्याकडं किट नाही, मागवलं तर बारा हजार वेगळे.” किट म्हणजे एकदाच वापरायचे गाऊन, मोजे, चष्मा, अंगावर टाकायच्या चादरी.

बसमध्ये वैनी खिडकीकडे बघत बसली. घरी आल्यावर तिने माझा पेला वेगळा ठेवला नाही, तसं काही केलं नाही, पण पोरांना माझ्या खोलीत झोपायला पाठवलं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चुलीपुढे बसून सरळ विचारलं, “वन्सं, पोरं तुमच्याजवळ झोपत्यात, तुमच्या ताटात जेवत्यात. खरं सांगा, काय हुतंय का?” मला तिचा राग आला नाही. इतक्या वर्षांत मला हा प्रश्न समोरासमोर विचारणारी ती पहिलीच. मी म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नको, बेळगावला चल आणि तिथल्या बाईंनाच विचार. ती म्हणाली, “येतो की.”

एआरटी केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी आम्हाला आत घेतलं. माझ्या परवानगीने त्यांनी वैनीपुढे माझी हिरवी पुस्तिका उघडली. त्या पुस्तिकेला मी पुतण्याच्या वहीचं तपकिरी कव्हर घातलंय, बसमध्ये कुणी वाचू नये म्हणून. बाईंनी व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याचा, आकडा दाखवला: रक्तात विषाणू सापडला नाही. वैनीने मग जे प्रश्न विचारले ते मी कधी विचारले नव्हते. डास चावून होतं का, संडास एकच आहे त्याचं काय, पोराच्या गुडघ्याला खरचटलेलं असताना हिने हळद लावली होती ते कसं. बाईंनी एकेकाचं उत्तर दिलं, कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये, वैनीला दोन्ही समजतं. एकत्र जेवणं, झोपणं, कपडे, पाणी यातून हा विषाणू जातच नाही. रोज गोळी घेऊन ज्याचा व्हायरल लोड सापडेनासा झालाय त्याच्याकडून शरीरसंबंधातूनही जोडीदाराला लागण होत नाही. हे २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही स्पष्ट सांगितलंय. वैनी म्हणाली, “मग त्या दवाखान्यातल्यांना कसं म्हाईत नाही?”

तिथून पुढचं काम सुरू झालं. बाईंनी एक वाक्य शिकवलं: नाही म्हणत असाल तर लेखी द्या. नकार तोंडी असतो तोवर तो वाऱ्यावर असतो. कागदावर आला की त्याला सही लागते, तारीख लागते, कारण लागतं, आणि कारण लिहायला बसल्यावर कळतं की लिहिण्यासारखं कारण नाही. २०१७ चा तो एचआयव्हीचा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं हा भेदभाव ठरतो. उपचार हवे असतील तर आधी एचआयव्हीची तपासणी कराच, अशी अट घालणंसुद्धा त्याच कलमात बसतं. आठवं कलम म्हणतं, माझी माहिती माझ्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्याला सांगायची नाही. वीस किंवा जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक दवाखान्यात तक्रार अधिकारी नेमायला हवा. तिथे न्याय मिळाला नाही तर याच कायद्याखाली राज्याने नेमायच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याने ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो, जिवावरचा प्रसंग असेल तर शक्यतो २४ तासांत. लोकपालाचा आदेश पाळला नाही तर दहा हजारांपर्यंत दंड, आणि तरीही टाळलं तर रोजचे पाच हजारांपर्यंत.

दादाचं म्हणणं होतं की कशाला भांडायचं, कोल्हापूरला जाऊ. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना द्यायचं ठरवलं, तिचे कागद कुणीतरी करून देतो म्हणाला होता. त्यात गैर काही नाही. पण माझ्या मनात वेगळं होतं. मी गुपचूप कोल्हापूरला गेले असते तर माझे खडे निघाले असते, आणि त्या व्हरांड्यात माझ्यानंतर येणाऱ्या बाईला पुन्हा मिरजेचा रस्ता दाखवला गेला असता. दुखणं औषधाने दबलेलं होतं, थोडी वाट बघण्यासारखी स्थिती आहे असं डॉक्टरांचंही मत होतं. कावीळ किंवा ताप आला असता तर मीही भांडत बसले नसते, मिळेल तिथे पोट उघडू दिलं असतं. हे सांगते कारण प्रत्येकाने लढावं असं मला म्हणायचं नाही.

अर्ज चार ओळींचा होता. मराठीत मी लिहिला, कन्नड प्रत कन्नड शाळेत शिकलेल्या पुतण्याने केली. अमुक तारखेला पित्ताशयाच्या ऑपरेशनची वेळ दिली होती. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर ऑपरेशन होणार नाही असं तोंडी सांगितलं, आणि माझ्या आजाराची माहिती माझ्या परवानगीशिवाय नातेवाइकाला व्हरांड्यात सांगितली. नकाराचं कारण लेखी द्यावं. आपल्या हॉस्पिटलच्या तक्रार अधिकाऱ्याचं नाव कळवावं. सोबत व्हायरल लोडच्या रिपोर्टची झेरॉक्स. दोन प्रती, एकीवर त्यांचा शिक्का आणि सही घ्यायची.

काउंटरवरच्या मुलाने अर्ज घ्यायलाच नकार दिला. साहेब नाहीत म्हणाला, ठेवून जा म्हणाला. वैनी बाकड्यावर बसली आणि पदर खोचून म्हणाली, “शिक्का मारल्याबिगार उठत नाही मी. साहेब येईस्तोवर बसतो.” पेशंट बघायला लागले तशी आतून हालचाल झाली. शिक्का मिळाला, मग व्यवस्थापकांनी बोलावलं, मग सर्जन आले. ते खाली बघत म्हणाले, “मी करायला तयार आहे. थिएटरची माणसं तयार नाहीत.”

त्यांनी थिएटरच्या मुख्य सिस्टरना बोलावलं. त्या माझ्याच वयाच्या असतील. त्या भेटीबद्दल मला नीट लिहायचं आहे, कारण सगळ्या प्रवासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट तिथे कळली.

सिस्टर उभ्या राहूनच म्हणाल्या, “अक्का, तुमचं ऑपरेशन होईल, तुम्ही घरी जाल. मला सुई टोचली तर माझ्या पोरांना कोण बघणार?” मी म्हटलं, बरोबर आहे, टोचली तर इथे काय करतात? त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, टोचली होती, मागे एकदा, दुसऱ्याच एका पेशंटची. बोट पिळून रक्त काढलं, स्पिरिट ओतलं, कुणी काही विचारलं नाही, गोळी नाही, तपासणी नाही. स्वतःच्या पैशाने बाहेर जाऊन तीन महिन्यांनी तपासणी केली, तोवर नवऱ्यालाही सांगितलं नाही.

मी तिथूनच बेळगावला फोन लावला आणि एआरटीच्या डॉक्टरांना सिस्टरशी बोलायला दिलं. फोन स्पीकरवर होता. डॉक्टर म्हणाले, बोट पिळायचं नाही, स्पिरिट नाही, डेटॉल नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं. शक्य तर दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत प्रतिबंधक गोळी सुरू करायची, २८ दिवस घ्यायची. गोळी कोणती, तर मी रोज घेते तीच. बाधिताच्या रक्ताची सुई टोचली तर हिपॅटायटिस बीची लस न घेतलेल्याला ती कावीळ होण्याचा धोका शंभरात तीसपर्यंत जातो. हिपॅटायटिस सीचा दोन-तीनच्या आसपास, आणि एचआयव्हीचा हजारात तीन, तोही पेशंट औषधावर नसेल तर. डॉक्टरांनी विचारलं, सिस्टर, हिपॅटायटिसची लस घेतलीये का? घेतलेली नव्हती.

पुढे ते जे बोलले ते किटचं उत्तर होतं. नुकतीच लागण झालेल्या माणसाचा रिपोर्ट काही आठवडे निगेटिव्ह येतो, त्या वेळी त्याच्या रक्तात विषाणू भरपूर असतो. त्याचं ऑपरेशन तुम्ही बिनघोर साध्या मोज्यांवर करता. ही बाई रोज गोळी घेते, हिच्या रक्तात तो सापडत नाही, आणि हिच्यासाठी किट मागता. काळजी घ्यायची तर ती टेबलावर येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या वेळी सारखीच घ्यायला हवी.

कायद्याचं एकोणिसावं कलम आहे. दवाखान्याच्या मालकाने कर्मचाऱ्यांना मोजे-गाऊन द्यावेत, ते कसे वापरायचे ते शिकवावं, सुई टोचली तर प्रतिबंधक गोळी द्यावी, असं त्यात म्हटलंय. ते सिस्टरसाठी आहे. माझ्या अर्जात मी माझी कलमं लिहिली होती, सिस्टरच्या बाजूने कुणी अर्ज केलाच नव्हता. आमच्याकडच्या दवाखान्यांत भीती आहे ती नुसत्या अडाणीपणाची नाही. ज्यांच्या हातात सुई आहे त्यांना कुणी वाऱ्यावर सोडलंय, आणि ती भीती खाली माझ्यापर्यंत उतरते. भिंतीवर ‘एचआयव्हीबाधितांशी प्रेमाने वागा’ असं पोस्टर लावून ती जाणार नाही. थिएटरच्या कपाटात २८ दिवसांच्या गोळ्यांची बाटली असेल, ती कुठे आहे आणि रात्री चावी कुणाकडे आहे हे प्रत्येक सिस्टरला आणि झाडलोट करणाऱ्या मावशीलाही ठाऊक असेल, तर जाईल. कचऱ्याच्या पिशवीतली सुई बहुतेक वेळा मावशींनाच टोचते.

ऑपरेशन त्याच हॉस्पिटलात झालं. गोळ्यांची बाटली आली, लस आली. किटचे बारा हजार बिलात लावलेले होते, ते दादाने दाखवल्यावर खोडले. सिस्टरनी मला टेबलावर घेताना हात धरला, मोज्यासकटच, जसा सगळ्यांचा धरतात तसा. एवढंच मला हवं होतं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. माझा नंबर दिवसात शेवटचा लावला. पॉझिटिव्ह पेशंटला शेवटी घ्यायचं, नंतर थिएटर धुऊन काढायचं, ही जुनी पद्धत आहे. हत्यारं प्रत्येक ऑपरेशननंतर त्याच पद्धतीने निर्जंतुक होत असतील तर शेवटी घेण्याचं काही कारण उरत नाही. आदल्या रात्रीपासून उपाशी, संध्याकाळी पाचला आत. वॉर्डात आले तर फाइलवर लाल पेनने ठळक अक्षरं आणि भोवती गोल. ती फाइल कॉटच्या पायथ्याशी लटकवलेली, भेटायला येणाऱ्या कुणालाही वाचता यावी अशी. वैनीने सिस्टरांना बोलावून कव्हर बदलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पोटात जळजळ होती म्हणून नर्सने पांढरं पातळ अँटासिड आणलं. मी माझी गोळी घेऊन तासही झाला नव्हता. अँटासिडमधल्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियममुळे डोल्युटेग्राव्हिर अंगात नीट उतरत नाही. गोळी त्याच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी घ्यायची असते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या तर त्यांचंही तसंच. मी सांगितलं, नर्सने डॉक्टरांना विचारून दुसरी गोळी दिली. मी आजार लपवून भरती झाले असते तर तो चमचा मी मुकाट्याने घेतला असता. लोक लपवतात म्हणून त्यांच्यावर चिडणारे डॉक्टर मी पाहिलेत. सांगितल्यावर व्हरांड्यात ओरडणार असाल तर माणूस लपवणारच.

घरी सोडताना मी दुसरा अर्ज दिला: शेवटचा नंबर का लावला, आणि व्हरांड्यात सांगणाऱ्यावर काय कारवाई केली. दुसऱ्या मुद्द्यावर व्यवस्थापकांनी तोंडी माफी मागितली. ती मी स्वीकारली, आणि कागदावर द्या म्हणाले. काउंटरच्या बाजूला आता तक्रार अधिकाऱ्याच्या नावाचा कागद लागलाय, कन्नड आणि मराठी दोन्हीत. पहिल्या मुद्द्याचं उत्तर अजून यायचंय. आलं नाही तर लोकपालाकडे जायचा अर्ज समुपदेशक बाईंच्या मदतीने तयार करून ठेवलाय.

पोरं पुन्हा माझ्याकडे झोपायला येतात. गोळ्यांच्या रांगेतली हुक्केरीकडची एक बाई आहे, मोतीबिंदू पिकलाय, तिला दुसऱ्या एका दवाखान्याने रक्त तपासल्यावर ‘बघू’ म्हणून परत पाठवलंय. तिला लिहिता येत नाही. १०९७ हा सरकारी हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, तो तिच्या फोनमध्ये घालून दिला. अर्जाच्या दोन प्रती पुतण्याने काढून ठेवल्यात, व्हायरल लोडची झेरॉक्स जोडलीये. गुरुवारी मी तिच्याबरोबर जाणार आहे. वैनी म्हणते, “मीबी येतो. बाकड्यावर बसायला कोण तरी लागतंय की.”